स्लॅब आमचा, ऊन कंपनीचं

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, छताखाली झोप येत नाही. लोकांना ही म्हाताऱ्याची खोड वाटते, पण ती त्यांच्या कामाने लावलेली सवय आहे. उभा जन्म त्यांनी गवंडीकाम केलं. पेठेपासून मंचरपर्यंत कितीतरी घरांचे स्लॅब त्यांच्या हातून पडले. स्लॅब टाकला की त्यावर मातीची आळी करून पुढे बरेच दिवस पहाटे आणि संध्याकाळी पाणी मारावं लागतं. पहाटे पाणी मारायचं तर गवंड्याने साईटवरच मुक्काम करायचा, अशी त्यांच्या वेळची रीत होती. कडेला फळ्या टाकायच्या, त्यावर पोती, पोत्यांवर वाकळ आणि वाकळीवर आबा. घर पुरं झालं की मालक आत झोपायला जायचा आणि आबा दुसऱ्या गावच्या स्लॅबवर निघायचे. आमचं स्वतःचं घर पत्र्याचंच राहिलं. तिथेही आबा अंगणात, बाजेवर.

आता आमच्या भागात अंगणात झोपायचे दिवस राहिले नाहीत. उसात बिबट्या, मक्यात बिबट्या, संध्याकाळी दुकानावरून येताना वाटेत बिबट्या. वनखात्याचे लोक येऊन सांगून गेले की उघड्यावर झोपू नका. सगळ्या गावाने ऐकलं, आबांनी नाही. आई जाऊन बरीच वर्षं झालीत आणि मला भाऊ नाही, त्यामुळे त्यांना दटावणारं घरात कुणी नव्हतं. एका सकाळी शेजारची शेळी गेली. आबांच्या बाजेच्या उशाशीच बांधलेली असायची. दावं तेवढं खुंट्याला राहिलं होतं. मला कळलं तशी मी मशीनवरचं ब्लाऊज अर्धं टाकून गेले. आबा निवांत चहा पीत बसले होते.

"मला काय केलं न्हाई त्यानं," ते म्हणाले. "शेळीच नेली."

हे वाक्य माझ्या डोक्यात असं घुसलं की पुढे कित्येक दिवस मी सरळ शिवण घालू शकले नाही. कळंबला माझं शिलाईचं दुकान आहे, तिथेच मागे आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी, माझा नवरा आणि सुट्टीत पुण्याहून येणारा मुलगा. मी मुळात तापट बाई. नवरा शाळेची बस चालवतो, दिवसभर पोरांचा कालवा ऐकून त्याचा राग कधीच संपून गेलाय. त्याच्या वाटचा रागही मीच करते. मी आबांना म्हटलं, आजच्या आज चला माझ्याकडे.

आबांनी दोन अडचणी सांगितल्या. पहिली छताची. दुसरी अशी की लेकीच्या घरी राहायचं नसतं.

आता ही दुसरी काय म्हणावी? आमच्या घराने धम्म घेतला तो आजोबांच्या वेळी. देव गेले, नवस गेले, गंडेदोरे गेले. कुणाच्या अंगात यायला लागलं की आबा तिथून उठून जातात. पण बापाने लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही एक गोष्ट सगळं बाहेर टाकताना कुठल्या कोपऱ्यात राहून गेली कोण जाणे. माझ्याकडे आले की जेवायचे, पण जाताना बळेबळे काहीतरी ठेवून जायचे. शेंगा, एखादा नारळ, काहीच नसलं तर माझ्या दुकानाचा डुगडुगणारा बाक ठोकून द्यायचे.

"आबा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" मी एकदा चिडून विचारलं.

"पुस्तकात न्हाई," ते म्हणाले. "माझ्यात हाय."

शेवटी तडजोड त्यांनीच काढली. "तू स्लॅबचं घर घे. मी वर झोपंन. आभाळ काय लेकीचं नसतं."

त्यांनी हे मला गप्प करायला म्हटलं असणार. कारण भाड्याच्या दोन खोल्यांतली बाई स्लॅबचं घर कुठून आणणार? पण मी ते धरून बसले. तसं आमचं घराचं चाललंच होतं, आता मला घाई सुटली. नवऱ्याला मी सुखाने जेवू देईना. आज हे घर बघा, उद्या ते बघा. सगळी घरं मी एकाच नजरेने बघायची. वर जायला जिना आहे का आणि वर मोकळा स्लॅब आहे का. स्वयंपाकघर नंतर.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. विकत घेऊन पाहावं असं कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते मला आता कळलंय. आम्ही पूर्वी एकदा प्लॉट घेताना फसलो होतो, त्याला रस्ताच नव्हता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसे आम्ही या वेळी सगळं फुंकून पीत होतो. कळंबच्या जरा बाहेर, उसाच्या फडाला लागून एक घर मिळालं. मालक निवृत्त झालेले, मुलाकडे पुण्याला निघालेले. गोड माणूस. आम्ही बोअरचं पाणी चाखून पाहिलं. रस्ता दोनदा चालून पाहिला. नवऱ्याने शौचालयाच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. मी भिंतींवर बोटाने ठोकत हिंडले. मालक कौतुकाने बघत होते.

"वर सोलर हाय बरं का," ते म्हणाले. "लायटीचं टेन्शन न्हाई तुमाला."

रस्त्यावरून कठड्याच्या वर काळ्या काचेची एक कड दिसत होती. मी समजले, पाणी तापवायचं असेल. आता ते घरोघर असतं, एका कोपऱ्यात उभं. जिना बाहेरून होता, आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार. दाराला भलंमोठं कुलूप.

इथे आम्ही चुकलो. पुण्याचा माणूस असता तर त्याने विचारलं असतं की जिन्याला कुलूप का? आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. बिबट्या जिना चढतो. जुन्नर-आंबेगावात आता बाहेरचा जिना म्हटला की जाळीचं दार आलंच. पहिल्यांदा घर बघायला आलेला पाहुणाही ते दार बघून मान डोलवतो. नवऱ्याने जाळी हातात धरून हलवून पाहिली आणि म्हणाला, "चांगली जड आहे." मी तर मनात आबांची वाकळ वर अंथरूनही टाकली. वर जाऊन बघू या, असं दोघांच्याही तोंडातून निघालं नाही. बिबट्याला अडवणारं कुलूप बघून आम्ही इतके खूश झालो की ते माणसाला अडवत असेल हे डोक्यातच आलं नाही.

विसार दिला, पेढे वाटले. खरेदीच्या दिवशी नवऱ्याने इतक्या सह्या केल्या की शेवटी शेवटी त्याला आपलं नाव अनोळखी वाटायला लागलं. त्यातच एक सही सोलरची होती. "हे तेवढं तुमच्या नावावर करून घ्या," मालक म्हणाले आणि त्याने करून घेतलं. दोन दिवसांनी किल्ल्यांचा जुडगा हातात आला. एकही किल्ली वरच्या कुलपाला लागेना. नवऱ्याने फोन केला.

"त्याची चावी कंपनीच्या माणसाकडं असती," पलीकडून मालक म्हणाले. "येईल की तो."

कुठली कंपनी? उद्या घरभरणी, चार पाहुणे येणार, आबा बोचकं बांधून येणार, आणि वरच्या कुलपाची किल्ली कुठल्या कंपनीकडे?

तो माणूस दुपारी मोटरसायकलवर आला. चाळिशीचा असेल, डोक्याला पिवळी टोपी, तिच्यावर सूर्याचं चित्र. त्याने कुलूप काढलं आणि मी त्याच्या आधी वर पळाले.

वर स्लॅब नव्हताच. म्हणजे होता, पण दिसत नव्हता. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत काळ्या काचांच्या रांगाच रांगा, एका बाजूने गुडघ्याएवढ्या आणि दुसऱ्या बाजूने कमरेएवढ्या उंच. दोन रांगांच्या मध्ये माणूस अंग चोरून चालेल एवढी बोळ. मी तिथेच उभी राहिले. उन्हाने काचा तळपत होत्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काढून एका कोपऱ्यात नाही का घेता येणार?" मी विचारलं.

तो हसला, पण वाईट नाही हसला. "ताई, हे तुमचं न्हाई. कंपनीचं हाय."

मग त्याने सावकाश समजावून सांगितलं. आधीच्या मालकांनी हे विकत घेतलेलं नाही. कंपनीने आपल्या खर्चाने बसवलंय. वीज वरून खाली घरात येते, ती आपण कंपनीकडून घ्यायची, स्वस्तात. बदल्यात स्लॅबची वरची बाजू कंपनीला दिलेली. कराराची अजून पुष्कळ वर्षं बाकी. वर काही बांधायचं नाही, वाळत घालायचं नाही, सावली पडेल असं काही उभं करायचं नाही, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय वर जायचं नाही. मागे कुणीतरी केबल चोरली, तेव्हापासून हे कुलूप.

"म्हणजे स्लॅब आमचा," मी म्हटलं, "आणि वर पडतं ते ऊन कंपनीचं."

"तसंच म्हणा," तो म्हणाला.

मी आधीच्या मालकांना फोन लावला आणि जे तोंडात येईल ते बोलले. ते बिचारे दुखावले. "ताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, वर सोलर हाय म्हणून. तुमी आमच्या टाकीचं झाकणसुदिक उघडून बघितलं, मला वाटलं वरचं बी इचाराल." ते खरंच होतं, म्हणून मी आणखी जोरात बोलले. नवरा म्हणाला, अगं, लाइट बिल खरंच कमी येणार आहे. त्या क्षणी मला कुणी काहीही कमी येणार आहे म्हटलं असतं तरी मी त्याच्या अंगावर गेले असते.

दुसऱ्या दिवशी आबा आले. पांढरा सदरा, खाकेत बोचकं. बोचक्यात वाकळ आणि दोन जोड कपडे. पाहुण्यांना नमस्कार केला, भिंतीवरच्या दोन्ही फोटोंना हात जोडले आणि सरळ जिन्याकडे गेले. जाळीवर हात ठेवून वळून म्हणाले, "चावी?"

मी ठरवलं होतं की सगळं आटोपलं की शांतपणे सांगायचं. पण शांतपणे सांगणं मला येतं कुठे? चार पाहुण्यांच्या देखत मी एका दमात सगळं ओकले. कंपनी, करार, कुलूप. बोलताना मला रडू यायला लागलं आणि त्याचाही मला राग आला. आबांनी ऐकून घेतलं. त्यांनी माझी समजूत काढली नाही आणि मला बोलही लावला नाही.

"बरं," ते म्हणाले. "वंदना हू दे. मंग मी निगतो."

"कुठे?"

"घरी."

"तिथे बिबट्या आहे, आबा."

"त्यो इथं बी हाय. उसालाच तर घर घेतलंयस."

नवऱ्याने हातापाया पडून त्यांना आठवडाभर थांबवलं. त्याचे दोन आठवडे झाले, मग महिना. झोपायला त्यांना पडवी दिली. मागे भिंत, वर पत्रा आणि पुढे जाळी. "मला खुराड्यातल्या कोंबडीवानी वाटतंय," ते म्हणायचे. बोचकं त्यांनी कायमचं सोडलंच नाही. रोज वाकळ काढायची, सकाळी घडी घालून पुन्हा बोचक्यात. ते बोचकं पडवीच्या दाराशी असं ठेवलेलं असायचं की केव्हाही उचललं आणि निघालं. मी सकाळी उठले की आधी दाराकडे बघायची. बोचकं दिसलं की चहा टाकायची.

झोप त्यांना नव्हतीच. रात्रभर त्यांच्या चपला इकडून तिकडे फिरायच्या आणि माझा जीव त्यांच्याबरोबर इकडून तिकडे. त्यांचे डोळे लाल, माझेही लाल. दुकानात मी एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही हात डावे शिवून ठेवले. नवऱ्याने सुचवलं, शेजारच्या गावात एकाने अंगणात झोपायला लोखंडी पिंजरा करून घेतलाय, आपणही करू. आबा त्याच्याकडे वळले. "जावई," ते म्हणाले, "बिबट्याला बी पिंजरा आन् मला बी पिंजरा?" विषय तिथेच संपला.

मी कंपनीला फोन करत होते. आधी यंत्र बोलायचं, मग गाणं लागायचं, मग एखादी मुलगी विचारायची, "साईट नंबर सांगा." माझं घर त्यांच्या लेखी साईट होतं. मी म्हणायची, माझ्या वडिलांना झोपायला जागा पाहिजे, एक रांग तरी काढा. ती म्हणायची, मॅडम, तुमची रिक्वेस्ट पुढे पाठवली आहे. ही रिक्वेस्ट पुढे पुढे कुठे जात होती कोण जाणे. मी एकदा म्हटलंसुद्धा, बाई, पुढे पाठवताय ते ठीक, पण कधी मागेही येऊ द्या.

आणि आबा रोज थोडे थोडे निघत होते. आज काय, गावाकडचं दार नीट लावलंय का बघून येतो. उद्या काय, बाज आत ओढून येतो. तिकडे गेले की संध्याकाळ होईपर्यंत माझं लक्ष रस्त्यावर. एकदा ते अंधार पडता पडता आले आणि मी त्यांना लहान पोराला झापावं तसं झापलं. ते म्हणाले, "आता जायाचं झालं तर निगताना सांगंन, न्हाई तर सांगणार बी न्हाई." त्यातून मी समजले की आता ते खरंच जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या टोपीवाला आला. मधल्या काळात त्याच्या दोन-तीन चकरा झाल्या होत्या. या वेळी तो वैतागलेला होता. शेजारच्या फडात ऊसतोडीनंतर पाचट पेटवलं होतं, त्याची काजळी उडून काचांवर बसली होती. वीज कमी यायला लागली आणि ऑफिसातून त्याला बोलणी बसली.

"एक माणूस मी, आणि साईटी एवढ्या," तो पडवीत टेकून पाणी पिता पिता म्हणाला. "हितं तर आठवड्यातून दोनदा धुवाया पायजे. कसं जमायचं?"

आबा बोचक्यापाशी बसले होते. निघायच्याच तयारीत. साईट हा शब्द ऐकून त्यांनी मान वर केली.

"साईटवर तुमचा माणूस नस्तो व्हय?"

"एवढ्याशा साईटला कोण माणूस देतंय, बाबा."

"धुत्यात कवा?"

"पहाटं. ऊन चढायच्या आत. काच तापली आन् वरून गार पाणी पडलं, की तडकती."

"पहाटं पाणी मारायचं," आबा म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर मी महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी हललेलं बघितलं. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, मांडी घातली आणि त्या माणसाला एकेक विचारत गेले. पाणी कुठलं, फडकं कसलं, कशाला हात लावायचा नाही. तो सांगत गेला. वायरींना शिवायचं नाही, काचेवर भार टाकायचा नाही, ब्रश मऊ पाहिजे. आबा प्रत्येक गोष्टीला "बराबर" म्हणत होते.

"मी करतो तुमचं काम," ते शेवटी म्हणाले. "पर पहाटं पाणी मारायचं तर माणसानं साईटवर झोपाया पायजे. आमची तशी रीत हाय."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी जिन्याकडे. नवरा बस काढायची सोडून तिथेच उभा राहिला. त्या माणसाने बाहेर जाऊन साहेबाला फोन लावला, बराच वेळ येरझाऱ्या घालत बोलला आणि परत आला. घरातला माणूस देखभाल करणार असेल तर किल्ली देता येते, असं साहेब म्हणाले. पगार नाही.

"चावी दिली, बास झालं," आबा म्हणाले.

"झोपायचं मी त्यांना काय बोललो न्हाई," तो हळूच म्हणाला. "ते मी बघितलंच न्हाई. पर बाबा, पाऊस-विजेचं वर ऱ्हायचं न्हाई." त्याने किल्ली आबांच्या हातावर ठेवली. मग काय मनात आलं कोण जाणे, डोक्यावरची पिवळी टोपीही काढून दिली.

आबांनी टोपी घातली, बोचकं उचललं आणि जिना चढले. मागे वळून बघितलंही नाही.

तेव्हापासून ते वर आहेत. दोन रांगांच्या बोळीत त्यांचं अंथरूण. डोक्याशी पाण्याचा तांब्या, पायाशी बादली आणि मऊ ब्रश. पहाटे पाण्याचा आवाज येतो, मग फडक्याचा. पाऊस असला की जिन्याच्या वरच्या पायरीशी पत्र्याची छपरी आहे, तिथे जाळीच्या आत बसून रात्र काढतात. तीही कंपनीच्या कुलपाच्या आतच आहे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी सकाळी ते खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा झोपेने सुजलेला होता. आईच्या वेळचे आबा मला त्या दिवशी दिसले.

मला आनंद झाला. झाला म्हणजे किती, तर दुकानात त्या दिवशी मी कुणावरही ओरडले नाही. पण तो आनंद जागेवर बसेना. कुठेतरी टोचत होतं. एका संध्याकाळी मी त्यांचा चहा घेऊन वर गेले. ते कठड्याला टेकून बसले होते, टोपी गुडघ्यावर. पलीकडे उसाचा हिरवा फड आणि त्याच्या पलीकडे हायवेच्या गाड्या.

"आबा," मी म्हटलं, "सगळ्यांचे स्लॅब टाकलेत. एक तरी तुमचा असावा म्हणून मी हे घर घेतलं."

त्यांनी चहा फुंकला. "माजा कशाला? माजा आसता तर मला झोप आली नसती. तुजा आसता तर त्याहून न्हाई. कंपनीचा हाय म्हणून बरंय. काम करतो आन् झोपतो."

बोचकं कठड्याशी सुटलेलं पडलं होतं आणि त्याचं फडकं दोरीवर वाळत होतं. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, पण मी त्यावर काही बोलले नाही. मी कप घेऊन खाली आले आणि उगाचच नवऱ्याशी भांडले.

दिवाळीनंतर आबांच्या गावचा एक जुना सोबती आला. जेवायला बसले. आबा पिवळी टोपी घालूनच जेवतात, काढा म्हटलं तरी काढत नाहीत. सोबती इकडे तिकडे बघत म्हणाला, "मंग पावणं, लेकीकडंच मुक्काम हाय म्हणायचा आता?"

मी भाकरी टाकत होते. माझा हात तव्यावरच थांबला. आता हे काहीतरी बोलतील आणि मग तेच मनाला लावून घेतील, हे मला माहीत होतं. या एका प्रश्नावर ते उद्या बोचकं बांधू शकले असते.

"छ्या," आबा म्हणाले. "कंपनीच्या साईटवर असतो मी. जेवाया तेवढं खाली येतो. लेकीला मीच म्हटलं, बाहेर कशाला खानावळ लावू?"

सोबत्याने मान डोलवली. त्याला ते पटलं. मला तव्याचा चटका बसला, ते बोट मी पदरात धरलं. ज्या घरासाठी मी नवऱ्याची झोप घालवली, त्या घरात माझा बाप राहत नव्हता. तो कंपनीकडे कामाला होता. राग आला, खूप आला, पण तो कुणावर काढावा ते मला कळेना. मी आबांच्या ताटात गरम भाकरी टाकली आणि ते "बास बास" म्हणाले, खानावळीत म्हणतात तसं.

परवा दुकानात असताना फोन आला. आधी मी ओळखलं नाही. यंत्र नव्हतं, गाणं नव्हतं, सरळ एक गोड बोलणारी मुलगी.

"मॅडम, तुमची रिक्वेस्ट मंजूर झाली आहे. आम्हाला दुसऱ्या साईटसाठी पॅनल हवेच आहेत. तुमचे सगळे काढून नेऊ, करार संपला असं समजा. छत पूर्ण मोकळं होईल. कधी पाठवू माणसं?"

सगळं छत मोकळं. मी मशीनवरून पाय काढला. हेच मी मागितलं होतं, किती वेळा आणि किती ओरडून. मला डोळ्यांपुढे तो स्लॅब दिसला, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत रिकामा, माझा. आणि दाराशी बांधून ठेवलेलं बोचकं दिसलं.

"नको," मी म्हटलं.

"मॅडम?"

"राहू द्या सगळं. आहे तसं राहू द्या."

ती जरा गोंधळली. कीबोर्डची टकटक ऐकू आली. "ठीक आहे. मग इथे दिसतंय की त्या साईटवर देखभालीला एक व्यक्ती आहे. ती अजून आहे ना?"

"आहे."

"तुमच्या घरचीच ना?"

दुकानाच्या दारातून रस्ता दिसत होता. भर उन्हात आबा सायकल हातात धरून चालत येत होते. डोक्यावर पिवळी टोपी, हँडलला नवी बादली अडकवलेली. माझ्या दुकानासमोर आले तरी थांबले नाहीत, कामाची घाई होती. नुसता हात वर केला आणि पुढे गेले.

"नाही," मी म्हटलं. "तुमचाच माणूस आहे तो."